जीर्णोद्धार झालेला ऐतिहासिक बंगला विकत घेताना : काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने

डागडुजी न झालेला जुना बंगला आपले दोष लपवत नाही. गिलावा सुटलेला असतो, वासे वाकलेले असतात, ओलीचे डाग भिंतीवर उघड दिसतात आणि घेणाऱ्याला आपण कशात पडत आहोत याचा निदान अंदाज येतो. जीर्णोद्धार झालेल्या बंगल्यात हेच दोष कदाचित मुळापासून दूर झालेले असतात, तर कदाचित नुसते झाकलेले असतात, आणि ताज्या रंगाकडे पाहून या दोहोंतला फरक सांगता येत नाही. असा बंगला घेणारा माणूस खरे तर दोन गोष्टी विकत घेतो : एक मूळची इमारत आणि दुसरे तिच्यावर अलीकडे झालेले काम. पहिल्या गोष्टीने किमान काही दशके ऊनपाऊस सोसून आपली परीक्षा दिलेली असते. दुसरीची परीक्षा अजून व्हायची असते. म्हणून तपासणीचा बहुतेक वेळ त्या दुसऱ्या गोष्टीवर खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील क्रम त्याच हिशेबाने मांडला आहे.

काम नेमके कोणत्या प्रकारचे झाले, हे आधी ठरवा

विक्रीच्या जाहिरातीत ‘जीर्णोद्धार’, ‘नूतनीकरण’, ‘पुनर्बांधणी’ हे शब्द सरसकट एकाच अर्थाने वापरलेले दिसतात. घेणाऱ्याच्या दृष्टीने मात्र त्यांत मोठे अंतर आहे. मूळ भिंती, मूळ लाकूड, मूळ फरशी जागच्या जागी ठेवून जेवढे खराब झाले तेवढेच दुरुस्त केले असेल, तर तो जीर्णोद्धार. दर्शनी भाग तसाच ठेवून आतली रचना, स्वयंपाकघर, न्हाणीघरे आणि जमिनी बदलल्या असतील, तर ते नूतनीकरण. आणि जुने पाडून त्याच धाटणीचे नवे उभारले असेल, तर ती पुनर्बांधणी. तिन्हींत गैर काही नाही, पण तिन्हींची किंमत एक असू शकत नाही.

जतनाच्या क्षेत्रात याबाबत बऱ्यापैकी स्थिर संकेत आहेत. इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली ती मुळात जीर्णोद्धाराच्या नावाखाली होणाऱ्या मोडतोडीला विरोध म्हणूनच. पुढे १९६४ च्या व्हेनिस सनदेने, म्हणजे जुन्या वास्तूंच्या जतनाबाबतच्या आंतरराष्ट्रीय मसुद्याने, दोन तत्त्वे मांडली, जी घर घेणाऱ्यालाही उपयोगी पडतात : जिथे पुराव्याऐवजी तर्क सुरू होतो तिथे जीर्णोद्धाराने थांबावे, आणि नव्याने घातलेला भाग एकूण इमारतीशी जुळणारा असला तरी बारकाईने पाहणाऱ्याला तो नवा आहे हे ओळखू यावे. त्यामुळे विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा की कोणता भाग मूळचा आहे, कोणता नवा आहे आणि नवा भाग कशाच्या आधाराने तसा केला. जुने छायाचित्र, मूळ नकाशा, शेजारचा त्याच काळातला बंगला, भिंतीत सापडलेली जुन्या दाराची खूण, असे काही उत्तर मिळाले तर काम विचारपूर्वक झाल्याचा तो चांगला पुरावा समजावा. ‘त्या काळी असेच असायचे’ एवढेच उत्तर मिळाले, तर पुढची तपासणी अधिक सावधपणे करावी.

बंगल्यावर पाऊल ठेवण्याआधी कागद मागा

मालकीची साखळी, बोजा, हद्दी, वारसांचे हक्क आणि येण्याजाण्याच्या वाटेचा हक्क हे कोणत्याही स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वकिलाकडून तपासून घ्यावे लागते. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. जुन्या बंगल्यात दोन गोष्टी मात्र त्यावर आणखी येतात.

पहिली गोष्ट वारसा नोंदीची. इमारत संरक्षित यादीत आहे का, असल्यास कोणत्या श्रेणीत, आणि संरक्षण फक्त दर्शनी भागाला आहे की आतल्या जिन्याला, छताला, आवारातल्या झाडांना आणि कुंपणालाही आहे, हे संबंधित कार्यालयाकडून लेखी घ्यावे. यादीतल्या इमारतीत साधी खिडकी बदलायलाही परवानगी लागू शकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आधीच्या मालकाने परवानगीशिवाय केलेल्या बदलांची जबाबदारी अनेक ठिकाणी नव्या मालकाकडे येते, आणि ते पूर्ववत करण्याचा आदेश निघाला तर खर्चही त्यालाच सोसावा लागतो. म्हणून मंजूर नकाशा हातात घेऊन घरातून फिरावे आणि नकाशातली प्रत्येक भिंत, प्रत्येक दार जागेवर आहे का ते पाहावे. बंद केलेला व्हरांडा आणि माळ्याची केलेली खोली या दोन जागी नकाशा आणि वास्तव यांची फारकत सर्वांत जास्त आढळते.

दुसरी गोष्ट कामाच्या नोंदींची. चांगल्या जीर्णोद्धाराची फाइल असतेच : आधीची स्थिती दाखवणारी छायाचित्रे, काम चालू असतानाची छायाचित्रे, वास्तुविशारदाचे आराखडे, साहित्याची बिले, चुन्याच्या मिश्रणाचे प्रमाण, वाळवीच्या उपचाराचे प्रमाणपत्र, वायरिंगचा चाचणी अहवाल. यांतली सर्वांत मोलाची छायाचित्रे म्हणजे भिंती उघड्या असताना आणि छप्पर उतरवलेले असताना काढलेली. आज जे गिलाव्याखाली आणि छताच्या तक्तपोशीवर दडलेले आहे, ते पुन्हा फोडल्याशिवाय फक्त त्या छायाचित्रांतच दिसते. फक्त ‘आधी’ आणि ‘नंतर’ची चित्रे असतील आणि मधली एकही नसेल, तर त्याचे कारण जरूर विचारावे.

पहिली भेट पावसात किंवा पावसानंतर

जुन्या घराचा नाश करणाऱ्या बहुतेक सगळ्या गोष्टींच्या मुळाशी पाणी असते. बुरशी, वाळवी, गंजलेले लोखंड, फुगलेला गिलावा, खचलेला पाया यांतल्या प्रत्येकाला ओल लागते. म्हणून घर दाखवायला विकणारा कोरडा, उजळ दिवस निवडत असेल, तरी आपण भर पावसात किंवा पाऊस थांबल्यावर लगेच जाण्याचा आग्रह धरावा आणि आत जाण्याआधी घराभोवती सावकाश एक फेरी मारावी.

नजर वरून खाली यावी. आढे सरळ आहे की मध्ये खोलगट झाले आहे, पाखी सपाट आहेत की कुठे पोट आले आहे, हे दूर उभे राहून पाहावे. बंगल्याचे रूप म्हणजे बैठे घर, पुढे आलेली रुंद पाखी आणि व्हरांडा. बंगालमधल्या घरांच्या धाटणीवरून ते पुढे आले, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडला पोहोचले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी कॅलिफोर्नियात त्याला नवे वळण मिळाले. पॅसाडेना येथील १९०८ चे गॅम्बल हाउस हे त्या वळणाचे भव्य उदाहरण. या सगळ्या प्रकारांत रुंद पाखीचे काम एकच : भिंत कोरडी ठेवणे. त्यामुळे जीर्णोद्धारात पाखी आखूड केली असेल, किंवा पन्हळ काढून टाकली असेल, तर ती केवळ दिसण्यातली चूक नव्हे. भिंतीचे आयुष्य कमी करणारी चूक आहे.

पन्हळीतले पाणी नळातून खाली येते का, की सांध्यातून भिंतीवर ओघळते, आणि खाली आल्यावर ते घरापासून दूर जाते की जोत्याशीच मुरते, हे पाऊस चालू असताना स्वच्छ दिसते. त्यानंतर जमिनीची पातळी पाहावी. वर्षानुवर्षे माती, फरसबंदी आणि बागेचे वाफे चढत गेल्याने बाहेरची जमीन उंच होते आणि जोते बुजते. जीर्णोद्धारातली नवी, देखणी फरसबंदी या दोषात भरच घालते. घराची आतली जमीन लाकडी आणि पोकळीवर उचललेली असेल, तर जोत्यातले हवेचे झरोके मोकळे आहेत का, ते नीट पाहावे. झरोका बुजला की खालच्या तुळयांना हवा मिळत नाही, आणि लाकूड सडायला तिथूनच सुरुवात होते.

भिंती : चुना की सिमेंट

या विषयावर थोडे थांबावे लागेल, कारण जीर्णोद्धार झालेल्या बंगल्यांत सर्वांत महागात पडणारी चूक इथे होते.

पोर्टलँड सिमेंटचे पेटंट जोसेफ ॲस्पडिन यांनी १८२४ मध्ये घेतले, पण घरबांधणीत चुन्याची जागा त्याने अनेक ठिकाणी विसाव्या शतकातच घेतली. त्यामुळे जुन्या बंगल्याची भिंत बहुधा चुन्याच्या गाऱ्यातली असते. अशी भिंत पाणी अडवत नाही. ती थोडे शोषते आणि कोरड्या हवेत परत सोडते. चुना विटेपेक्षा मऊ असतो, म्हणून इमारत किंचित हलली तर बारीक भेग गाऱ्यात जाते, वीट शाबूत राहते. दर्जा, म्हणजे विटांमधले गाऱ्याने भरलेले सांधे, झिजतात, त्या पुन्हा भरता येतात. झिजण्याचे काम दर्जांनी करावे आणि विटेने टिकावे, अशी ती योजना आहे.

अशा भिंतीवर कोणी सिमेंटचा गिलावा चढवला, किंवा दर्जा सिमेंटने भरल्या, तर ही सगळी योजना उलटी होते. सिमेंट कठीण आणि घट्ट असते. भिंतीतली ओल दर्जातून बाहेर पडू शकत नाही, ती विटेतून वाट काढते. तिच्याबरोबर आलेले क्षार विटेच्या पृष्ठभागामागे साठून स्फटिक होतात आणि विटेचे पापुद्रे सुटू लागतात. काही वर्षांनी दर्जा जशाच्या तशा उठून दिसतात आणि त्यांच्यामधल्या विटा आत गेलेल्या असतात. आतल्या बाजूने सिमेंटवर प्लास्टिक रंग दिला असेल, तर ओल आणखी वर चढत जाते.

हे ओळखण्यासाठी मोठी साधने लागत नाहीत. आडबाजूच्या, फारशा न दिसणाऱ्या दर्जेवर विकणाऱ्याच्या परवानगीने खिळ्याचे टोक ओढून पाहावे. चुन्याचा गारा ओरखडतो, त्याची फिकट भुकटी निघते आणि जवळून पाहिल्यास त्यात पांढरे न मिसळलेले चुन्याचे कण दिसतात. सिमेंटवर खिळा घसरतो आणि राखाडी रेघ तेवढी उमटते. मग बोटांच्या पेरांनी गिलाव्यावर ठोकत भिंतीच्या कडेने चालावे. भरीव आवाज मध्येच पोकळ झाला, तर तिथला गिलावा भिंतीपासून सुटला आहे. चुन्याचे काम घाईत उरकले असेल तरीही असे होते, कारण चुना हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो आणि त्या काळात त्याला ओलसर ठेवावे लागते. चुन्याचे एकेक थर किती अंतराने दिले, हा प्रश्न काम करणाऱ्याला विचारावा. ज्याने मनापासून काम केले असेल त्याला त्याचे उत्तर तोंडपाठ असते.

ओलीचे कारण ओळखताना तिची जागा पाहावी. जमिनीतून चढणारी ओल साधारण मीटरभर उंचीपर्यंत येते आणि वरच्या कडेला क्षारांची पांढुरकी रेघ सोडते. खिडकीच्या कोपऱ्याखालचा किंवा छताजवळचा डाग बाहेरून झिरपणाऱ्या पाण्याचा असतो. थंड कोपऱ्यात, कपाटामागे दिसणारी काळी बुरशी बहुतेक वेळा खोलीतल्या बाष्पाची असते. ओल मोजण्याच्या यंत्राचा आकडा लाकडावर बराच विश्वासार्ह असतो, पण भिंतीत क्षार असतील तर तो फसवा निघतो. केवळ त्या आकड्याच्या जोरावर कोणी भिंतीत रसायन भरण्याचा सल्ला दिला, तर आधी पन्हळ, जमिनीची पातळी आणि गिलावा तपासून मगच त्याचा विचार करावा. आणि एकाच भिंतीचा खालचा मीटरभर भाग तेवढा नव्याने रंगवलेला दिसला, तर त्या रंगामागे काय आहे हे विचारल्यावाचून पुढे जाऊ नये.

लाकूड : जिथे लाकूड भिंतीत शिरते तिथे पाहा

तुळईचा मधला, सगळ्यांना दिसणारा भाग क्वचितच सडतो. सडते ते तिचे भिंतीत गेलेले टोक, कैचीचा, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याचा, भिंतीवर टेकलेला पाय, खिडकीच्या चौकटीचा खालचा आडवा भाग, व्हरांड्याच्या खांबाचा जमिनीला लागणारा तळ. हातात बारीक टोकाची टोची घेऊन या जागा एकेक करून दाबाव्यात. निरोगी लाकडात टोची दोन-तीन मिलिमीटरवर अडते. सडलेल्या लाकडात ती अडथळ्याविना आत जाते, आणि वरचा रंग अखंड असल्यामुळे डोळ्यांना तोपर्यंत काहीही दिसलेले नसते. मी पाहिलेल्या एका बंगल्यात खिडकीचा उंबरा आरशासारखा गुळगुळीत रंगवलेला होता. टोची कोपऱ्यात लावली तेव्हा ती दांड्यापर्यंत आत गेली आणि बाहेर काढल्यावर टोकाला ओला, तपकिरी भुसा लागला होता. सडका भाग न काढता लांबीने (पुट्टीने) भरून वरून रंग दिला होता, आणि लांबीमागे अडकलेल्या पाण्याने उरलेले लाकूड खाल्ले होते.

चांगले काम याच्या उलट दिसते. सडलेला भाग निरोगी लाकडापर्यंत कापून त्याच जातीचा, त्याच दिशेच्या रेषांचा तुकडा सांध्याने बसवलेला असतो. असा सांधा दिसतो, आणि दिसावाच. सांधे पाहून निराश होऊ नये. उलट शंभर वर्षांच्या खिडकीला एकही सांधा नसेल, तर ती खिडकी खरोखर मूळची आहे का, हे विचारावे.

लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या वर राहू लागली की बुरशीला अनुकूल स्थिती तयार होते. तपासनीस सोबत असेल, तर तुळयांच्या टोकांचे आकडे त्याच्याकडून लिहून घ्यावेत. वाळवीसाठी जोत्याच्या आतल्या बाजूने, जिन्याखाली आणि माळ्यावर टॉर्च घेऊन मातीच्या बारीक नळ्या शोधाव्यात. भुंगेऱ्याची छिद्रे दिसली तर लगेच घाबरू नये. छिद्राच्या कडा काळवंडलेल्या आणि आत धूळ भरलेली असेल, तर तो जुना प्रकार आहे. कडा धारदार असतील आणि खाली फिकट, ताजा भुसा पडलेला असेल, तर किडा अजून जिवंत आहे.

माळ्यावर चढण्याची परवानगी मिळत नसेल, तर माझा सल्ला साधा आहे : ती मिळेपर्यंत किमतीची बोलणी सुरू करू नयेत. वासे, रिपा आणि कैच्या यांची खरी अवस्था तिथेच दिसते, आणि कौलांच्या फटीतून दिवसाउजेडी प्रकाश येतो का, हेही तिथेच कळते.

भेगा

एक मिलिमीटरहून बारीक, केसासारख्या भेगा जुन्या घरात सर्वत्र असतात आणि त्यांची चिंता करू नये. पाच मिलिमीटरहून रुंद, विटांच्या दर्जांतून पायऱ्यांसारखी तिरपी चढत गेलेली, किंवा एका टोकाला अरुंद आणि दुसऱ्या टोकाला रुंद होत गेलेली भेग मात्र संरचना अभियंत्याला दाखवावी. जीर्णोद्धारात भेग बुजवलेली असते, त्यामुळे ती आतून शोधण्यापेक्षा दारांच्या चौकटी पाहणे अधिक उपयोगी ठरते. चौकट काटकोनात आहे का, दार आपोआप उघडते वा मिटते का, दाराची वरची कड तिरपी रंधलेली आहे का, यांवरून घर कोणत्या दिशेला झुकले ते समजते. जुने झुकणे थांबलेले असते आणि त्यासह घर आणखी शंभर वर्षे उभे राहू शकते. चालू असलेले झुकणे ही वेगळी गोष्ट. हे दोन ओळखण्यासाठी भेगेवर मापपट्टी बसवून काही महिने नोंदी ठेवाव्या लागतात, आणि विकणाऱ्याकडे अशा नोंदी असतील तर त्यांची प्रत जरूर घ्यावी.

वीज, पाणी आणि आरोग्याला घातक साहित्य

नवी बटणे म्हणजे नवी वायरिंग नव्हे. जुन्या तारांवरचे रबराचे किंवा कापडाचे आवरण कालांतराने ठिसूळ होऊन गळून पडते, आणि नव्या पाटीमागे त्याच तारा जोडलेल्या सापडतात. परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून दोन-तीन बटणपेट्या उघडून पाहाव्यात, अर्थिंगची चाचणी घ्यावी आणि गळती होताच प्रवाह तोडणारे यंत्र बसवले आहे का ते तपासावे. मंजूर वीजभारही विचारावा, कारण ज्या काळात घरात चार दिवे होते त्या काळची जोडणी आजच्या उपकरणांना पुरत नाही.

पाण्यासाठी दोन-तीन नळ एकाच वेळी सोडून दाब पाहावा. जस्ताचा मुलामा दिलेले जुने लोखंडी नळ आतून गंजाने अरुंद झालेले असतात. मऊ, खरवडल्यावर चकाकणारा करडा नळ, ज्याला चुंबक चिकटत नाही, तो शिशाचा असू शकतो आणि पिण्याच्या पाण्यासाठी तो बदलावाच लागतो. सांडपाण्याच्या भूमिगत नळात कॅमेरा घालून पाहण्याचा खर्च नंतरच्या खोदाईच्या तुलनेत किरकोळ असतो.

जुन्या रंगाच्या थरांत शिसे असण्याची शक्यता मोठी असते. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, आणि काही देशांत ती त्यानंतर बरीच उशिरा आली. थर अखंड असेल तोवर धोका कमी असतो. तो कोरडा घासला की धूळ होते, आणि ती लहान मुलांच्या पोटात जाणे सर्वांत घातक. म्हणून जुना रंग कोणत्या पद्धतीने काढला, हे विचारावे, आणि घरात लहान मुले राहणार असतील तर खिडक्यांच्या खाचांतल्या धुळीची चाचणी करून घ्यावी. ॲस्बेस्टॉस छपराच्या पत्र्यांत, नळांच्या वेष्टनात आणि जमिनीच्या फरशांत सापडतो. युरोपीय संघाने २००५ पासून त्यावर पूर्ण बंदी घातली. तो न फोडता, न कापता तज्ज्ञाकडून ओळखून घ्यावा.

मूळचे काय, हे वस्तूंनाच विचारा

‘सर्व मूळ दारे-खिडक्या’ असा दावा असेल, तर तो पडताळण्यात खरा आनंद आहे, आणि त्यासाठी तज्ज्ञ असण्याचीही गरज नाही. खिडकीच्या काचेकडे तिरक्या कोनातून पाहून डोके सावकाश हलवावे. बाहेरच्या झाडाची फांदी काचेत लवचीक झाल्यासारखी वळत असेल, मध्ये बारीक बुडबुडा दिसत असेल, तर ती काच जुन्या पद्धतीची आहे; वितळलेल्या कथलावर काच तरंगवून ती निर्दोष सपाट करण्याची पद्धत पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केली, त्या पद्धतीच्या काचेत फांदी अशी वळत नाही. बिजागरीचे स्क्रूही बोलतात. डोक्यावर अधिक चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आला, म्हणून १९१० च्या दारावर तो दिसला तर बिजागरी केव्हातरी काढून पुन्हा बसवलेली आहे. एवढ्यावरून दार नवे ठरत नाही, पण पुढचा प्रश्न विचारण्याचा हक्क मिळतो. दाराच्या कडेला, बिजागरीच्या पानाखाली, रंगाचे थर मोजता येतात. चौकटीवर सात-आठ थर आणि दारावर एकच थर असेल, तर दार घासून साफ केलेले आहे किंवा ते दुसरीकडून आणलेले आहे.

या तपासणीचा हेतू विकणाऱ्याला खोटे पाडण्याचा नसावा. मूळची काच, मूळची फरशी, हाताने रंधलेले लाकूड हे एकदा गेले की कितीही पैसे मोजून परत येत नाही, आणि बंगल्याची जी जादा किंमत मागितली जाते ती मुख्यतः याच गोष्टींची असते.

तज्ज्ञ, किंमत आणि करार

इतके पाहिल्यावर घर अजूनही मनात असेल, तर तज्ज्ञ नेमावा, आणि तो जुन्या बांधकामाचा जाणकार असावा. फक्त काँक्रीटच्या इमारती पाहिलेला अभियंता चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा सुचवण्याची शक्यता असते, आणि त्याचे परिणाम वर पाहिलेच. त्याच्या अहवालात दोषांची यादी पुरेशी नाही. प्रत्येक दोषाचे कारण, निकड आणि अंदाजे खर्च हवा. तो खर्च तीन गटांत विभागून मागावा : ताबा मिळताच करायचे, पाच वर्षांत करायचे, आणि नित्याची देखभाल. पहिल्या गटाचा आकडा किमतीच्या बोलणीत मांडावा. दुसऱ्याचा आकडा स्वतःजवळ ठेवून आपल्याला हे घर झेपते का ते ठरवावे. जीर्णोद्धारावर विकणाऱ्याने किती खर्च केला, हा किमतीचा आधार होऊ शकत नाही; चुकीचे काम महागडे असले तरी ते चुकीचेच असते आणि पुन्हा काढावे लागते.

विम्याची चौकशी करार होण्याआधी करावी. अशा घराचा बाजारभाव आणि ते जळाले किंवा कोसळले तर त्याच साहित्यात पुन्हा उभारण्याचा खर्च हे दोन निराळे आकडे आहेत, आणि दुसरा बरेचदा मोठा असतो. विमा त्या दुसऱ्या आकड्याचा हवा. कर्ज देणाऱ्या संस्थेचा मूल्यांकनकार इमारतीचे वय पाहून कर्जाची रक्कम कमी करू शकतो, म्हणून कर्जाच्या मंजुरीची अट करारात घालून ठेवावी.

करारात घराबरोबर येणाऱ्या वस्तूंची यादी छायाचित्रांसह जोडावी. पितळी कड्या, रंगीत काचांची तावदाने, टांगते दिवे, शेकोटीची चौकट, भिंतीतली कपाटे, आवारातले दगडी बाक या सगळ्यांची नोंद असावी. व्यवहार ठरल्यापासून ताबा मिळेपर्यंतच्या काळात अशाच वस्तू नाहीशा होतात. वाळवीचा उपचार, छप्पर आणि वायरिंग यांच्या हमीपत्रांवर नव्या मालकाचे नाव चढवता येते का, हे काम करणाऱ्यांकडून लेखी घ्यावे. परवानगीविना केलेला बदल उघडकीस आला तर खर्च कोणाचा, याचे कलमही असावे.

ताबा घेण्याच्या दिवशी किल्ल्यांबरोबर आणखी काही मागून घ्यावे : कामाची संपूर्ण फाइल, रंगांचे क्रमांक, चुन्याच्या मिश्रणाचे प्रमाण, वाळू कोणत्या प्रतीची वापरली याची नोंद, उरलेली कौले आणि फरशा, सुतार आणि गवंडी यांचा संपर्क. मग पहिले वर्षभर घरात काहीही मोठे न बदलता राहावे. प्रत्येक ऋतूत भिंत कुठे ओलावते, कोणती खिडकी फुगते, वारा कोणत्या बाजूने पाऊस आत लोटतो, हे एका वहीत तारखेसह लिहून ठेवावे. पन्हळी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर साफ कराव्यात, जोत्याभोवतीची माती खाली राखावी आणि झरोके मोकळे ठेवावेत. नवे स्वयंपाकघर, वाढीव खोली किंवा नवा रंग यांचे बेत त्या वहीतल्या नोंदी पाहून, दुसऱ्या वर्षी ठरवावेत.